मक्का ते नगरचा किल्ला : मौलाना आझाद

मौलाना अबुल कलाम आझाद म्हटले की देशाचे पहिले शिक्षणमंत्री आठवतात, ११ नोव्हेंबरचा राष्ट्रीय शिक्षण दिन आठवतो. त्यांचा जन्म मक्केचा आणि घरची बोली अरबी, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात नसते. १८८८ साली ते जन्मले तेव्हा मक्केवर उस्मानी तुर्कांचा अंमल होता. आई मदिनेच्या विद्वान घराण्यातली, वडील मौलाना खैरुद्दीन हिंदुस्थानी. कुटुंब पुढे कलकत्त्यात स्थिरावले. मुलगा शाळेत गेला नाही. वडिलांकडे आणि उस्तादांकडे घरीच शिकला. वडील पीर, मुरीद पुष्कळ. गादी आयती मिळत होती, ती त्याने घेतली नाही.

विशीत, १९०८च्या सुमारास, आझाद इराक, सीरिया, इजिप्त आणि तुर्कस्तान फिरून आले. अरबांच्या इतिहासातले ते मोठे खळबळीचे वर्ष. सुलतान अब्दुल हमीदने तीस वर्षे गुंडाळून ठेवलेली राज्यघटना तरुण तुर्कांनी त्याला परत लागू करायला लावली होती. बगदाद-दमास्कसचे अरब प्रतिनिधी इस्तंबूलच्या संसदेत निवडून जाणार होते. इजिप्त इंग्रजांच्या मुठीत होता, आणि तिथले तरुण संसद मागत होते. या मंडळींनी आझादांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली : हिंदुस्थानातले मुसलमान स्वातंत्र्याच्या चळवळीपासून लांब का? या प्रश्नाने त्यांना अस्वस्थ केले. १९१२ साली कलकत्त्याहून त्यांनी ‘अल-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक काढले, त्यामागे ही अस्वस्थता होती. कैरोच्या ‘अल-मनार’ मासिकाचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. त्याचे संपादक रशीद रिदा त्याच वर्षी लखनौच्या नदवा संस्थेत आले होते.

सरकारने ‘अल-हिलाल’ची अनामत जप्त केली, आझादांना बंगालबाहेर काढले, रांचीत स्थानबद्ध केले. सुटले ते थेट खिलाफत चळवळीत.

इथे त्यांच्या विचारातली अडचण दिसते, ती झाकण्यात अर्थ नाही. तुर्की खलिफा टिकावा म्हणून हिंदुस्थानात सभा होत होत्या, त्याच वेळी अनेक अरबांना त्या तुर्कांपासूनच मोकळे व्हायचे होते. मार्च १९२०मध्ये दमास्कसच्या सीरियन काँग्रेसने स्वातंत्र्य जाहीर केले आणि घटना लिहायला घेतली. पुढे तिच्या अध्यक्षपदी आले ते हेच रशीद रिदा. जुलैत फ्रेंच फौजा दमास्कसमध्ये घुसल्या आणि सारे संपले. आझादांचा रोख परकी सत्तेवर होता, आणि तो बरोबरच होता. पण अरबांना स्वतःला काय हवे आहे, याला त्यांच्या त्या काळच्या लेखनात पुरेशी जागा मिळाली नाही. १९२४ साली तुर्कांच्याच संसदेने खिलाफत मोडीत काढली.

तरी त्याच काळात त्यांनी एक मुद्दा मांडला, तो पुढे कधी सोडला नाही. १९२२मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात कलकत्त्याच्या कोर्टापुढे केलेल्या निवेदनात त्यांनी सांगितले की, एका माणसाची मनमानी सत्ता इस्लामला मान्य नाही. पहिले खलिफा लोकांच्या संमतीने निवडले गेले आणि राजेशाही नंतर आली. कुरआनात ‘शूरा’ नावाची एक सुराच आहे. शूरा म्हणजे सल्लामसलत. मुआवियाने मुलाला, यजीदला, वारस नेमले तेव्हा ही रीत मोडली. आपल्याकडे मोहरममध्ये ज्या करबलेची आठवण होते, ती त्यातूनच घडली. आझादांना कोर्टाने एक वर्षाची सक्तमजुरी दिली.

९ ऑगस्ट १९४२ला काँग्रेस अध्यक्ष असताना त्यांना मुंबईत पकडले आणि नगरच्या किल्ल्यात नेले. सोबत नेहरू, पटेल, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. या किल्ल्यात तीन रमजान उलटले. मौलाना पहाटे तीन-चारला उठत, स्वतःच्या हाताने बिनदुधाचा चिनी चहा करीत आणि मित्राला पत्रे लिहीत. ती पाठवायची सोय नव्हती. चिमण्यांशी जमवलेल्या दोस्तीवरही त्यात पाने आहेत. एप्रिल १९४३मध्ये पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. आजार कळला होता, पण सरकारकडे सवलतीची याचना त्यांनी केली नाही. पत्रे १९४६ साली ‘गुबार-ए-खातिर’ नावाने छापली गेली. उर्दू गद्यात त्याच्या तोडीची पुस्तके थोडी आहेत.

स्वातंत्र्यानंतर १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी स्त्री-पुरुषांना मताचा हक्क होता. मक्केत जन्मलेले हे मौलवी रामपूरमधून लोकसभेवर निवडून आले. मंत्री म्हणून आयआयटी, विद्यापीठ अनुदान आयोग, साहित्य अकादमी या कामांत ते होतेच. शिवाय अरब जगाशी नाते तुटू नये म्हणून त्यांनी स्थापलेल्या सांस्कृतिक संबंध परिषदेतून अरबी नियतकालिकही सुरू झाले. पेण-रोह्याकडची कितीतरी माणसे आज आखातात रोजीरोटीसाठी असतात. तिकडच्या राजवटींत मताचा हक्क किती आणि कुणाला, हे ती जवळून पाहतात.

२२ फेब्रुवारी १९५८ला मौलाना गेले. आदल्याच दिवशी इजिप्त आणि सीरियात मतदान होऊन दोन्ही देश एक झाले होते. राष्ट्राध्यक्षपदासाठी उमेदवार एकटे नासर होते, आणि सीरियातले राजकीय पक्ष विसर्जित करावेत ही त्यांची अट होती. दिल्लीत जामा मशीद आणि लाल किल्ल्याच्या मधल्या मोकळ्या जागेत मौलानांना दफन केले.