टिळक दांपत्य

मुळा नदीच्या काठी राहुरी नावाचे गाव आहे. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हे गाव आज तेथील कृषी विद्यापीठामुळे सर्वांना ठाऊक आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र ते तालुक्याचे एक लहानसे ठिकाण होते. पाऊस बेभरवशाचा, शेती कोरडवाहू आणि दारिद्र्य पाचवीला पुजलेले. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांची स्थिती तर फारच बिकट होती. या राहुरीत व नगर शहरात एका दांपत्याने आपल्या आयुष्याची अनेक वर्षे दीनदुबळ्यांच्या सेवेत वेचली. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, हे ते दांपत्य होय.

नारायणरावांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. लक्ष्मीबाई 1868 साली नाशिकजवळील जलालपूर येथे जन्मल्या. त्यांचे माहेर गोखल्यांचे. वडील सोवळ्याओवळ्याचे विलक्षण कडक होते. इतरांचा स्पर्श झालेली वस्तू धुऊन घेतल्यावाचून त्यांना चालत नसे. अशा घरात वाढलेल्या या मुलीचे लग्न अकराव्या वर्षीच झाले. शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतरच.

टिळकांचा स्वभाव मोठा भाविक, उदार, पण अस्थिर होता. एके ठिकाणी त्यांचे मन रमत नसे. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, तर कधी संपादक, अशी त्यांची भ्रमंती चालू असे. जातिभेदाने समाज दुभंगला आहे, ही खंत त्यांच्या मनाला सतत जाचत होती. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जात असता आगगाडीत एका परदेशी सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले. त्याचे वाचन व मनन करता करता त्यांचे विचार पालटले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

ही वार्ता ऐकताच लक्ष्मीबाईंवर जणू आकाशच कोसळले. पती जिवंत असून दुरावला. पदरी लहानगा दत्तू. नातलगांनी त्यांना पंढरपुरास बहिणीच्या घरी आधार दिला. समाजाच्या दृष्टीने टिळकांशी त्यांचा संबंध आता संपलाच होता. दुःखाच्या त्या दिवसांत, लिहिण्यावाचण्याचा फारसा सराव नसतानाही, त्यांच्या मुखातून कविता स्फुरू लागल्या. इकडे टिळकही पत्नीच्या व मुलाच्या वियोगाने व्याकूळ झाले होते.

चार-साडेचार वर्षे अशी गेली. शेवटी लोकापवादाची भीती बाजूस सारून लक्ष्मीबाई पतीकडे आल्या. मात्र त्यांनी आपला धर्म सोडला नव्हता. त्यांची चूल निराळी, पाणी निराळे आणि सोवळेही पूर्वीचेच. टिळकांनी या बाबतीत त्यांच्यावर सक्ती केली नाही. स्वतःच्या श्रद्धेसाठी ज्याने घरदार सोडले, त्याने पत्नीच्या श्रद्धेलाही मान दिला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

लक्ष्मीबाईंचे मन मात्र स्वस्थ नव्हते. पशुपक्ष्यांच्या जाती पाहताक्षणीच ओळखू येतात. माणसामाणसांत तसा भेद देवाने कोठे केला आहे, असा प्रश्न त्यांना पडला. स्त्री आणि पुरुष याखेरीज माणसाची तिसरी जात त्यांना दिसेना. मग जे देवाने केले नाही ते आपण का पाळावे? हा विचार पटताच त्यांनी वेगळी चूल मोडली आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास आरंभ केला. ज्या घरात स्पर्शाचे इतके भय होते, त्या घरातील मुलीने हे बंधन स्वतःच्या विचाराने तोडले. त्यानंतर, 1900 साली, त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

तो काळ मोठा कठीण होता. 1899–1900 च्या दुष्काळाने माणसे व गुरे अन्नपाण्यावाचून तडफडत होती. पोरकी मुले दारोदार फिरत. टिळकांनी अशी मुले घरी आणावीत आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना न्हाऊमाखू घालून जेवू घालावे, असा क्रम सुरू झाला. ज्यांची सावलीही लोक टाळीत, त्यांची मुले या घरात पंक्तीला बसू लागली. टिळकांची प्राप्ती बेताची आणि हात मात्र सढळ. एकदा तर घरात वाणसामान नसताना, ते आणण्यासाठी घेतलेल्या पैशांतून त्यांनी एक सुंदर दौत विकत आणली! संसाराचा गाडा ओढताना लक्ष्मीबाईंची तारांबळ उडे. त्या रागावत, भांडत, आणि लगेच हसूनही टाकीत. पण दाराशी आलेला उपाशी माणूस त्यांच्या घरून विन्मुख जात नसे.

नवा धर्म स्वीकारला तरी मराठी मातीशी टिळकांनी नाते तोडले नाही. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी आळंदीत ज्ञानदेवांच्या आईवडिलांना समाजाने वाळीत टाकले होते. तरी त्याच ज्ञानदेवांनी अवघ्या विश्वासाठी देवाकडे प्रसाद मागितला. आळंदी-देहूच्या संतांची ही वाणी टिळकांच्या रोमरोमांत भिनली होती. तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते मानीत. म्हणून त्यांनी परकी वाटणारी उपासना सोडून अभंग, भजन व कीर्तन यांची कास धरली. मुलांवर आणि फुलांवर त्यांनी गोड कविता लिहिल्या. तरुण बालकवींना या दांपत्याने आपल्या घरी पोटच्या मुलाप्रमाणे वागविले.

1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास देवाचा दरबार ही बंधुभावाची संस्था काढली. दोनच वर्षांनी, 9 मे 1919 रोजी, त्यांचे मुंबईत निधन झाले. ख्रिस्तायन या त्यांच्या महाकाव्याचे थोडेच अध्याय लिहून झाले होते. लक्ष्मीबाई खचल्या नाहीत. साठांहून अधिक अध्याय रचून त्यांनी ते काव्य पुढे नेले. ते 1938 साली प्रसिद्ध झाले. मुलाच्या आग्रहावरून त्यांनी आपल्या आठवणीही लिहिल्या. स्मृतिचित्रे या नावाने 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ मराठीतील उत्कृष्ट आत्मचरित्रांत गणला जातो. त्यात ना पांडित्य, ना कोणाविषयी कटुता. घरातील बाई चुलीपाशी बसून बोलते, तशी साधी, प्रसन्न भाषा आहे. 24 फेब्रुवारी 1936 रोजी लक्ष्मीबाईंनी जगाचा निरोप घेतला.

या दोघांचे स्वभाव भिन्न होते. वाटाही काही काळ भिन्न झाल्या. तरीही एकाने दुसऱ्याच्या मनाचे स्वातंत्र्य हिरावले नाही, म्हणूनच तुटलेला संसार पुन्हा जुळला. आणि तो जुळला तो केवळ दोघांपुरता नव्हे. ज्यांना कोणी जवळ करीत नव्हते, अशा कितीतरी मुलांना त्या संसारात आईबाप मिळाले.