दणकट माणसाचं दुखणं

भूपेन हजारिकांचं ‘गंगा बहती हो क्यूं’ तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेलच. या गाण्याचं मूळ मिसिसिपी नदीवरच्या ‘ओल्ड मॅन रिव्हर’ या अमेरिकी गाण्यात आहे. न्यूयॉर्कला शिकताना हजारिका पॉल रॉबसन या कृष्णवर्णीय गायकाच्या संपर्कात आले. त्याच्या तोंडचं हे गाणं त्यांनी मनात ठेवलं आणि ती नदी आधी आसामीत, मग हिंदीत वाहू लागली. गाणं आपल्या ओळखीचं, पण रॉबसन मात्र आपल्याला फारसा माहीत नसतो.

त्याचा जन्म ९ एप्रिल १८९८चा, अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचा. वडील जन्मानं गुलाम. ते तरुणपणी पळून सुटले, शिकले आणि धर्मोपदेशक झाले. पॉल पाच वर्षांचा असताना आई घरात भाजून गेली. १९१५ साली त्याला रटगर्स कॉलेजची स्कॉलरशिप मिळाली. तिथे त्या वेळी तो एकटाच कृष्णवर्णीय विद्यार्थी होता.

फुटबॉलच्या टीममध्ये निवड व्हावी म्हणून तो मैदानात उतरला, तर आपल्याच कॉलेजच्या गोऱ्या पोरांनी त्याला ठरवून तुडवलं. नाक फुटलं, खांदा निखळला. तो कित्येक दिवस अंथरुणाला खिळला. खेळणं सोडावं असं मनात आलं, तेव्हा त्याला वडिलांची शिकवण आठवली. तू एकटा खेळत नाहीस, खेळायची इच्छा असलेल्या प्रत्येक काळ्या मुलाच्या वतीनं खेळतोस, तेव्हा सोसायचं आणि मागे हटायचं नाही. तो परत गेला. पुढे देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला गेला आणि अभ्यासातही अव्वल ठरला.

या शिकवणीनं त्याला उभं केलं, यात वाद नाही. पण तिची एक बाजू कुणी सांगत नाही. जो सगळ्यांच्या वतीनं उभा असतो, त्याला खाली बसायची परवानगी कुणाकडून मिळणार?

पुढचं सगळं थक्क करणारं आहे. कोलंबियातून वकिलीची पदवी घेतली. पण ऑफिसातल्या गोऱ्या स्टेनोनं त्याचं डिक्टेशन घ्यायला नकार दिला, तेव्हा त्यानं वकिलीला रामराम ठोकला. मग नाटक, सिनेमा आणि गाणं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १९४३ पासून त्याच्या ‘ऑथेल्लो’चे २९६ प्रयोग झाले. गुलामांची भजनं त्यानं मोठमोठ्या सभागृहांत नेली. कामगारांसाठी गायला, वर्णभेदाविरुद्ध बोलला, सोव्हिएत रशियाची बाजू घेतली.

मग सरकार मागे लागलं. १९४९ मध्ये न्यूयॉर्कजवळ पीकस्किलला त्याच्या कार्यक्रमावर जमावानं हल्ला केला. १९५० मध्ये पासपोर्ट काढून घेतला. सभागृहं मिळेनात, कमाई आटली, एफबीआयची पाळत तर होतीच. परदेशी जाता येईना म्हणून १९५७ मध्ये तो टेलिफोनवरून लंडनच्या श्रोत्यांसाठी गायला. १९५८ मध्ये त्याच्या साठीनिमित्त भारतातही समारंभ झाले. त्यासाठीच्या समितीचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला. त्याच वर्षी पासपोर्ट परत मिळाला.

लोकांना दिसला तो न वाकणारा माणूस. घरच्यांना वेगळंच दिसत होतं. १९५५-५६ च्या सुमाराला तो डिप्रेशनमध्ये गेला होता. त्यातून थोडा सावरला की पुन्हा सभा, पुन्हा दौरे. थांबणं म्हणजे शत्रूला जिंकू देणं, असंच जणू त्याच्या डोक्यात बसलं होतं.

मार्च १९६१ मध्ये मॉस्कोत त्यानं आयुष्य संपवायचा प्रयत्न केला. तो वाचला. बाहेर मात्र थकवा आलाय, एवढंच सांगण्यात आलं. त्यामागे कारणही होतं. खरं कळलं असतं तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळालं असतं. पण त्यामुळे जगभरच्या चाहत्यांना त्याच्या आजाराचं नावच कळलं नाही. लंडनच्या हॉस्पिटलात जवळपास दोन वर्षांत त्याला ५४ वेळा विजेचे झटके देण्यात आले. ही उपचारपद्धती आजही वापरतात. पण त्याच्या बाबतीत झटके आणि औषधांचा मारा झाला, बोलून मोकळं होणं बाजूलाच राहिलं. १९६३ मध्ये कुटुंबानं त्याला पूर्व बर्लिनला हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी झटके बंद केले, औषधं कमी केली आणि त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. तब्येत सुधारली. त्याच वर्षअखेर तो मायदेशी परतला.

१९६५ मध्ये पत्नी एस्लांडा गेली. त्यानंतर तो फिलाडेल्फियाला मॅरियन या बहिणीच्या घरी राहिला. मोजक्या भेटी आणि निवांत दिवस. १९७३ मध्ये पंचाहत्तरीच्या सोहळ्यालाही तो गेला नाही, रेकॉर्ड केलेला संदेश पाठवला. अनेकांना हा पराभव वाटला. पण आयुष्यभर प्रत्येक हाकेला ओ देणारा माणूस अखेर नाही म्हणायला शिकला, असंही याकडे बघता येतं. २३ जानेवारी १९७६ ला त्याचं निधन झालं.

आपल्याकडेही अशी पोरं आहेत. घरातला पहिला ग्रॅज्युएट, वस्तीतून पहिल्यांदा इंजिनीअरिंगला गेलेला, गावानं ज्याचा सत्कार केला तो. त्याच्यावर सगळ्यांची आशा असते, त्यामुळे झोप उडाली, अभ्यासात मन लागेना तरी तो ‘मी ठीक आहे’ म्हणतो. असा मित्र तुमच्या रूमवर असेल तर ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणून त्याला गप्प करू नका. चहाला घेऊन जा आणि त्याला बोलू द्या. तो मित्र तुम्हीच असाल, तर कॉलेजच्या समुपदेशकाकडे जा. किंवा सरकारच्या ‘टेली-मानस’ला १४४१६ वर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि तिथे मराठीतही बोलता येतं.