लिव्हाय स्ट्रॉस : जीन्सवरच्या तांब्याच्या टाचणीमागचा व्यापारी

आत्ता अंगावर जीन्स असेल तर पुढच्या खिशाच्या कोपऱ्याला बोट लावून बघा. गोल, बारीक, धातूचं काहीतरी लागेल. ते बटण नाही. ते रिव्हेट, आणि आपण बहुतेक जण ते शोभेचं समजतो. खरं तर ते एका पेटंटचा जिवंत अवशेष आहे: अमेरिकन पेटंट क्रमांक १,३९,१२१, तारीख २० मे १८७३. या रिव्हेटमुळे जगभर नाव झालं लिव्हाय स्ट्रॉसचं. गंमत अशी की रिव्हेट त्याने शोधलं नव्हतं आणि तो शिंपीही नव्हता.

जुन्या जीन्स आणि जॅकेटं जमवणाऱ्यांचं एक स्वतंत्र जग आहे. २०२२ साली अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये एका बंद खाणीत सापडलेली १८८० च्या दशकातली लिव्हाइज पँट लिलावात सुमारे ८७ हजार डॉलरला गेली. तिच्यावर खाणकामगाराच्या मेणबत्तीच्या मेणाचे डाग होते, आणि ते डाग असल्यामुळे कुणाचा उत्साह कमी झाला नाही, उलट वाढलाच. त्या पँटच्या आत छापलेल्या एका ओळीकडे आपण नंतर येऊ, कारण ती ओळ लिव्हायच्या चरित्रातला अवघड भाग आहे.

त्याचा जन्म २६ फेब्रुवारी १८२९ चा. गाव बुटेनहाइम, जर्मनीतल्या बव्हेरियात. मूळ नाव लोएब. वडील हिर्श स्ट्रॉस फेरीवाले होते, गावोगाव माल खांद्यावर घेऊन विकायचे. बव्हेरियात तेव्हा ज्यू कुटुंबांवर कायद्याचे बरेच निर्बंध होते. गावात किती ज्यू कुटुंबं राहणार याचीसुद्धा मर्यादा ठरलेली, त्यामुळे तरुण मुलाला लग्न करून स्वतःचं घर थाटायचं तर आधी कुणाची तरी जागा रिकामी व्हावी लागायची. १८४६ मध्ये वडील क्षयाने गेले. पुढच्या वर्षी आई आणि दोन बहिणींबरोबर अठरा वर्षांचा लोएब न्यूयॉर्कला निघाला. तिथे जोनास आणि लुई हे थोरले सावत्र भाऊ आधीच कापडचोपडाच्या घाऊक धंद्यात होते. अमेरिकेत लोएबचा लिव्हाय झाला.

१८५३ च्या जानेवारीत त्याला अमेरिकन नागरिकत्व मिळालं आणि लगेच तो सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाला. तेव्हा देशाच्या आरपार जाणारी रेल्वे नव्हती. न्यूयॉर्कहून जहाजाने पनामा, मग ती चिंचोळी जमीन ओलांडायची, पलीकडे दुसरं जहाज धरायचं. मार्चमध्ये तो पोचला. सोन्यामागे पळणारे हजारो लोक त्या शहरातून जात होते. लिव्हाय सोनं खणायला गेला नाही, तो खणणाऱ्यांना लागणारा माल विकायला गेला. भावांकडून न्यूयॉर्कहून जहाजाने माल यायचा: कापड, ब्लँकेटं, आतले कपडे, रुमाल. तो हा माल पश्चिमेकडच्या छोट्या दुकानदारांना घाऊक विकायचा. बहीण फॅनी आणि तिचा नवरा डेव्हिड स्टर्न हेही सॅन फ्रान्सिस्कोत आले आणि स्टर्न धंद्यातला भागीदार झाला.

इथे एक लोकप्रिय दंतकथा मोडायला हवी. लिव्हाय तंबूचं कापड घेऊन आला, तंबू खपेनात, एका खाणकामगाराने पँट टिकत नाही अशी तक्रार केली आणि लिव्हायने तंबूच्या कापडाची पँट शिवून दिली, ही गोष्ट तुम्ही व्हिडिओंमध्ये हमखास ऐकली असेल. तिला पुरावा नाही. पहिली जवळपास वीस वर्षं तो सरळसाधा घाऊक व्यापारी होता, आणि चांगला व्यापारी होता. १८६६ पर्यंत त्याची पेढी बॅटरी स्ट्रीटवरच्या मोठ्या इमारतीत गेली होती. म्हणजे जीन्स निघाली तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला, पैसा कमावलेला माणूस होता. आपल्याला गरीब मुलाची आणि एका कल्पनेची गोष्ट आवडते, म्हणून मधली वीस वर्षं कुणी सांगत नाही.

खरा शोध रेनोमध्ये

कल्पना आली ती जेकब डेव्हिसकडून. हा मूळचा रीगा शहरातला, त्याचं जुनं आडनाव यूफेस. नेव्हाडातल्या रेनो गावात तो शिंपीकाम करायचा. तंबू, घोड्यांच्या झुली, गाड्यांवरची आच्छादनं असला दणकट माल शिवायचा आणि त्याचं कापड लिव्हायच्या पेढीकडून यायचं. १८७०-७१ च्या हिवाळ्यात एक बाई त्याच्याकडे आली. नवरा लाकूडतोड्या, आणि त्याच्या पँटी सारख्या फाटायच्या. टिकेल अशी पँट हवी होती. डेव्हिसने जाड पांढऱ्या डक कापडाची पँट शिवली. टेबलावर झुलींचे पट्टे ठोकायची तांब्याची रिव्हेटं पडलेली होती, तीच त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकली. किंमत घेतली तीन डॉलर.

आता हे का चाललं, ते बघू. खिशात हात घालून आपण ओढतो तेव्हा जोर पूर्ण शिवणीवर सारखा पसरत नाही. शिवण जिथे संपते त्या एका टोकावर तो एकवटतो. तिथला पहिला टाका तुटला की सगळा जोर दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. शिवण चेनसारखी उघडत जाते. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत हा ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’. दोरा जाड केला तरी प्रश्न तिथेच राहतो, कारण अडचण दोऱ्यापेक्षा जोर एका जागी गोळा होण्याची आहे. रिव्हेट कापडाचे सगळे थर आरपार धरून दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडतं. ओढ टाक्यावर न येता धातूच्या चकतीखालच्या सगळ्या कापडावर वाटली जाते. तांबं लोखंडासारखं गंजत नाही, त्यामुळे घाम आणि धुण्याचं पाणीही चालतं. इतका साधा उपाय, आणि त्याआधी पँटला कुणी तो लावला नव्हता.

पँटी खपू लागल्या. दीड वर्षात सुमारे दोनशे. डेव्हिसला कळलं की शेजारचा शिंपी आज ना उद्या हेच करणार. पेटंट घ्यायला पैसे नव्हते, इंग्रजी कच्चं होतं. १८७२ च्या उन्हाळ्यात त्याने ज्याचं कापड वापरायचा त्या लिव्हाय स्ट्रॉसलाच पत्र पाठवलं. सोबत नमुन्याच्या पँटी. प्रस्ताव असा की पेटंटच्या अर्जाचा खर्च तुम्ही करा, हक्क दोघांत वाटून घेऊ. खर्च होता ६८ डॉलर.

लिव्हायचं मोठेपण मला इथे दिसतं. त्याच्याकडे नमुना होता, कारागीर मिळवायची ऐपत होती, आणि पलीकडचा माणूस दूरच्या गावातला एकटा शिंपी होता. तो डेव्हिसला बाजूला सारू शकला असता. त्याने अर्ज भरला आणि शोधकर्ता म्हणून नाव डेव्हिसचंच ठेवलं. पेटंट कार्यालयाने आधी नकार दिला, कारण रिव्हेट ही वस्तू नवी नव्हती, बुटांत ती वापरली जायची. दाव्याची भाषा बदलून बदलून शेवटी पेटंट मिळालं ते फक्त खिशाच्या तोंडाला रिव्हेटने बळकटी देण्याच्या पद्धतीवर. पेटंट कसं लिहावं याचा हा छान धडा आहे: वस्तूवर हक्क मिळाला नाही, तिच्या एका नेमक्या जागेवर मिळाला.

डेव्हिस सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि उत्पादन त्याच्या देखरेखीखाली सुरू झालं. डेनिम न्यू हॅम्पशायरमधल्या आमोस्केग गिरणीतून यायचं. या पँटला तेव्हा जीन्स म्हणत नसत, कंबरेचे ओव्हरऑल म्हणत. मागे एकच खिसा, गॅलससाठी बटणं, पाठीमागे घट्ट करायचा पट्टा. त्याच रिव्हेटांचं डेनिमचं जॅकेटही निघालं, त्याला ब्लाउज म्हणायचे. आपल्याकडच्या अर्थाने घेऊ नका. आणि ‘डंगरी’ या कामाच्या जाड कपड्याच्या नावाचं मूळ मुंबईच्या डोंगरीत आहे. तिथे मिळणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाचं नाव इंग्रजीत गेलं आणि तिथून जगभर.

नक्कल लगेच सुरू झाली. १८७४ मध्येच कंपनी पेटंटभंगासाठी कोर्टात गेली. या दाव्यात डेव्हिसने दिलेल्या जबानीमुळेच लाकूडतोड्याच्या बायकोची हकीगत आज आपल्याला माहीत आहे.

छापलेली ती ओळ

आता त्या लिलावातल्या पँटकडे. तिच्या खिशाच्या आतल्या कापडावर असं छापलं आहे की हा माल फक्त गोऱ्या कामगारांनी बनवला आहे. कॅलिफोर्नियात त्या काळी चिनी मजुरांविरुद्ध जबरदस्त द्वेष होता. १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदाच केला. चिनी हातांनी शिवलेलं नाही, ही जाहिरात तेव्हा खपत होती. लिव्हायच्या कंपनीने चिनी कामगार न ठेवण्याचं धोरण घेतलं आणि ते मालावर छापलं. १८९० च्या दशकात ते सोडलं. कंपनीनेही हे अलीकडे मान्य केलं आहे.

हे सगळं मालकाच्या नकळत झालं असं म्हणायला जागा नाही. स्वतः ज्यू म्हणून बव्हेरियातल्या निर्बंधांतून बाहेर पडलेला माणूस, आणि त्याच्याच खिशाच्या आत दुसऱ्या लोकांना बाहेर ठेवल्याची जाहिरात. काही जण त्याला काळाच्या माथी मारतात. काळ तसा होता हे खरं, पण डेव्हिसच्या पत्राला उत्तर देतानाही काळ तोच होता आणि तिथे त्याला न्याय सुचला होता.

बाकी माणूस साधा होता म्हणतात. नोकरांनी आपल्याला आडनावाने न हाक मारता लिव्हाय म्हणावं, असा त्याचा आग्रह असे. (म्हणूनच मीही इथे ‘तो’ लिहितोय, कुणी रागावू नका.) लग्न केलं नाही. १८७४ मध्ये मेव्हणा डेव्हिड स्टर्न गेल्यावर फॅनीच्या मुलांना त्याने धंद्यात घेतलं. शहराच्या व्यापारी मंडळाचा तो खजिनदार होता, अनाथालयांना पैसे देत असे, आणि १८९७ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्याने २८ शिष्यवृत्त्या सुरू केल्या.

१८९० साली पेटंटची सतरा वर्षं संपली. आता कुणीही रिव्हेट ठोकायला मोकळा. इथे व्यापारी लिव्हाय कामाला आला. मधल्या काळात कंपनीने पँटला अशा खुणा दिल्या होत्या ज्यांचा पेटंटशी संबंध नव्हता: मागच्या खिशावरची दुहेरी कमानीची शिलाई, आणि १८८६ पासून दोन घोडे पँट ओढतायत असं चित्र असलेला चामड्याचा तुकडा. गिऱ्हाइकाला वाचता येत नसलं तरी घोडे ओळखता येतात. त्याच सुमारास मालाला क्रमांक द्यायला लागले आणि या पँटला मिळाला ५०१. तंत्र सगळ्यांचं झालं, पण ओळख कंपनीकडे राहिली.

२६ सप्टेंबर १९०२ ला तो झोपेत गेला. मालमत्ता सुमारे ६० लाख डॉलर, धंदा चार भाच्यांकडे. जेकब डेव्हिस १९०८ मध्ये गेला. त्याचं नाव कुठल्याच पँटवर आलं नाही.

कागद जळले, कपडे उरले

१८ एप्रिल १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्कोत आग लागली आणि तिच्यात कंपनीचं मुख्यालय दफ्तरासकट जळालं. हिशेब, पत्रं, नमुने, सगळं. बॅकअप दुसऱ्या शहरात नव्हता, एवढंच म्हणतो. दंतकथांना मोकळं रान मिळालं ते यामुळे. आणि म्हणूनच खाणीत, धान्याच्या कोठारात, जुन्या पेटाऱ्यात सापडणारी प्रत्येक पँट कंपनीसाठीही दस्तऐवज ठरते.

जाणकार ती वाचतात ती अशी. मागे एकच खिसा? मग १९०१ च्या आधीची, कारण दुसरा खिसा त्या सुमारास आला. पट्ट्याचे लूप नाहीत? १९२२ च्या आधीची. मागच्या खिशाची रिव्हेटं बाहेर दिसतात? १९३७ च्या आधीची, कारण खुर्च्यांवर आणि खोगिरांवर ओरखडे उठतात म्हणून ती नंतर आतून झाकली. लाल पट्टी १९३६ ची, आणि तिच्यावरचं इंग्रजी नाव सगळं मोठ्या अक्षरांत असेल तर साधारण १९७१ च्या आधीची. फाइलच्या तारखेवर विश्वास न ठेवता कोडमधल्या फंक्शनांवरून व्हर्जन ओळखावी, तसंच हे.

आणि मग येतात हुबेहूब नव्याने बनवणारे. १९८० आणि ९० च्या दशकांत जपानमध्ये, ओसाका आणि ओकायामातल्या कोजिमा भागात, काही मंडळींनी जुन्या लिव्हाइज उसवून त्यांचा अभ्यास केला. जुन्या धोट्याच्या मागावर विणलं की आडवा धागा काठाला वळून परत येतो आणि काठ आपोआप बंद होतो. त्याला सेल्व्हेज म्हणतात. कापड अरुंद निघतं, माग सावकाश चालतो, म्हणून मोठ्या गिरण्यांनी तो सोडून दिला होता. जपानी कारखान्यांनी तो पुन्हा चालवला. रंगही तसाच: नीळ सुताच्या आतपर्यंत जात नाही, बाहेरच्या थरातच बसते, म्हणून घासलं की पांढरा गाभा दिसतो आणि जीन्स ‘उतरते’. लिव्हायच्या बहुतेक आयुष्यात ही नीळ झाडापासूनच यायची. कारखान्यातली कृत्रिम नीळ जर्मनीतून १८९७ मध्ये बाजारात आली आणि तिने आपल्याकडच्या निळीच्या व्यापाराचं कंबरडं मोडलं.

२००७ मध्ये कंपनीने अशा काही जपानी ब्रँडांना अमेरिकेत कोर्टात खेचलं. मुद्दा होता मागच्या खिशावरची कमानीची शिलाई आणि कडेची पट्टी. रिव्हेटांबद्दल तक्रार करायला काही उरलंच नव्हतं. आज या ब्रँडांच्या अमेरिकेत जाणाऱ्या पँटींवर शिलाईचा आकार वेगळा असतो, आणि रिव्हेटं मात्र डेव्हिसने ठोकली होती त्याच कोपऱ्यांवर, तांब्याचीच.