बाप्तिस्मा घेतला तेव्हा मनात हजार प्रश्न होते, शेवटी पंडिता रमाबाईंनी अख्खं बायबलच मराठीत आणलं

पंडिता रमाबाई म्हटलं की दोन-तीन गोष्टी लगेच आठवतात. संस्कृतच्या विदुषी, विधवांसाठी शारदा सदन काढणाऱ्या आणि ख्रिस्ती झालेल्या. बहुतेकांसाठी त्यांच्या श्रद्धेची गोष्ट धर्मांतरापाशी संपते.

पण खरं तर ती तिथून सुरू होते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. हे कुटुंब पुराणं सांगत देशभर फिरायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गेली. रमाबाई भावासोबत पायपीट करत १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या. त्यांचं पाठांतर बघून तिथल्या पंडितांनी त्यांना पंडिता ही पदवी दिली.

पुढे भाऊही गेला. त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं आणि त्या आसाममधल्या सिल्चरला राहायला गेल्या. तिथे नवऱ्याच्या पुस्तकांमध्ये त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. 

१८८२ मध्ये पतीचं निधन झालं आणि लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या. १८८३ मध्ये शिक्षणासाठी इंग्लंड गाठलं. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

आता गप्प बसून सगळं मान्य करतील त्या रमाबाई कसल्या?

त्रैक्यापासून चमत्कारांपर्यंत प्रत्येक शिकवणीवर त्यांनी प्रश्न विचारले. चर्च सांगतं म्हणून ऐकायचं, हे त्यांना पटत नव्हतं. भटजींच्या शब्दातून सुटून पाद्र्यांच्या शब्दात अडकायची त्यांची तयारी नव्हती. पुस्तक आपण वाचायचं आणि आपल्या विवेकाने ठरवायचं, हा त्यांचा हट्ट. त्यावरून वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे पत्रांतून जोरदार वाद झाले.

पुढे अमेरिकेतून मदत उभी करून त्यांनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू केलं. नंतर ते पुण्याला हलवलं. इथे धर्माचा प्रचार होणार नाही, असं ठरलं होतं. न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती.

याच काळात रमाबाईंच्या लक्षात आलं की आपल्याला धर्म मिळालाय, पण ख्रिस्त अजून सापडलेला नाही. बाप्तिस्म्याला आठेक वर्षं झाली होती! त्यानंतर त्यांचं बायबलवाचन आणि प्रार्थना जास्त मनापासून होऊ लागली.

त्या आपल्या खोलीत लेकीला घेऊन रोज प्रार्थना करायच्या. दार उघडं असायचं. हळूहळू सदनातल्या काही मुलीही येऊन बसायला लागल्या.

यावरून पुण्यात वादळ उठलं. केसरीने टीकेची झोड उठवली. टीकाकारांचा मुद्दाही साधा होता. पालकांनी मुली शिकायला पाठवल्या होत्या, धर्म बदलायला नाही. रमाबाईंचं म्हणणं होतं की जबरदस्ती कुणावर नाही, पण स्वतःची प्रार्थना लपवणार नाही. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर बाजूला झाले, अनेक मुलींना घरी नेण्यात आलं. उघड्या दाराची किंमत त्यांनी अशी मोजली.

१८९६ मध्ये दुष्काळ पडला. लहानपणी दुष्काळात घर गमावलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १९०५ च्या सुरुवातीला तिथे साधारण ७० जणी रोज प्रार्थनेला जमायच्या. काही महिन्यांत हा आकडा ५०० च्या वर गेला.

पण प्रार्थनेला बसणाऱ्या या बायकांची एक अडचण होती. तेव्हाच्या मराठी बायबलची भाषा संस्कृतने जड झालेली. नुकतंच वाचायला शिकलेल्या बाईला ती कशी झेपणार?

मग रमाबाईंनी स्वतःच भाषांतर करायला घेतलं. तेही इंग्रजीवरून नाही, तर मुळातून. त्यासाठी चाळिशी ओलांडल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून.

हे काम दीड तपाच्या आसपास चाललं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी थांबलं नाही. रमाबाई शेवटच्या दिवसांपर्यंत प्रुफं तपासत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला त्यांचं निधन झालं आणि पूर्ण बायबल त्यानंतर छापून आलं.

संस्कृतसाठी देशभर गाजलेल्या या पंडितेने आयुष्याची शेवटची वर्षं सोप्या मराठी शब्दांच्या शोधात घालवली. मुक्तीतल्या बाईला पुस्तक स्वतः उघडता यावं आणि पाद्र्याला न विचारता कळावं, एवढ्यासाठी.

वाँटेजला त्यांनी स्वतःसाठी मागितलं होतं, ते हेच.