शंवाकि : नांगराच्या जाहिरातीतून मासिकाकडे



स्मरणिका समितीने माझ्याकडे दोन कामे दिली. एक, या अंकाची मांडणी आणि मुखपृष्ठ. दुसरे, आपापल्या क्षेत्रातल्या एखाद्या दिवंगत मोठ्या व्यक्तीची ओळख करून देणारा लेख. पहिले काम माझे रोजचेच. गंगापुरात गेली वीस वर्षे मी छपाईचे दुकान चालवते. लग्नपत्रिका, बिलबुके, वाढदिवसाचे फ्लेक्स, निवडणुकीची पत्रके, सगळे माझ्या संगणकावरून जाते. दुसऱ्या कामासाठी माणूस शोधावा लागला नाही. डॉक्टर मित्राने डॉक्टर निवडला, वकील मित्राने वकील. मी निवडले शंकर वासुदेव किर्लोस्कर यांना. महाराष्ट्र त्यांना शंवाकि या सहीने ओळखत असे. संपादक, चित्रकार, व्यंगचित्रकार, जाहिरात करणारे आणि मासिक कसे दिसावे याचा विचार करणारे असे हे एकच गृहस्थ होते.

त्यांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ चा. वडील वासुदेवराव सोलापुरात डॉक्टर होते. किर्लोस्कर हे नाव आपण पंपामुळे, इंजिनामुळे ओळखतो. तो उद्योग उभा करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे शंकररावांचे काका. गंमत अशी की लक्ष्मणरावही मुळात चित्रकलाच शिकायला मुंबईला गेले होते. पण त्यांना रंगांतला फरक नीट कळत नसे, म्हणून रंग सोडून ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. पुतण्याचे डोळे मात्र उत्तम होते. शंकररावांनी मुंबईत चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि पुढे ते थेट लाहोरला गेले, पंडित सातवळेकरांकडे. वेदांचे भाष्यकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो तेच हे सातवळेकर. ते तेव्हा लाहोरात चित्रशाळा चालवीत. म्हणजे तरुण शंकरराव चांगल्या गुरूकडे, चांगल्या वाटेवर होते. संस्थानिकांची तैलचित्रे काढून प्रतिष्ठेने जगता येईल असा तो काळ होता.

ती वाट त्यांनी सोडली. १९१४ साली ते किर्लोस्करवाडीला आले आणि काकांच्या कारखान्यात दाखल झाले.

इथे किर्लोस्करवाडीविषयी चार ओळी लिहिणे भाग आहे. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणरावांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळरानावर कारखाना हलवला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी जमीन दिली. निवडुंग तोडून वस्ती झाली, रेल्वेचे स्टेशन त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. माल कोणता, तर लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रे. आपण शेतकऱ्यांची मुले-मुली, म्हणून पुढची गोष्ट आपल्याला चटकन कळेल. लोखंडी नांगराने जमिनीत विष कालवले जाते अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. लाकडी नांगर पिढ्यान्‌पिढ्या चालला, तो का सोडायचा? पहिले मोजके नांगर विकायलाच लक्ष्मणरावांना दोन वर्षे लागली होती.

चित्रकाराचे काम इथे होते. शेतकऱ्याला वाचता येत नाही, येत असले तरी वाचायला वेळ नाही. त्याला चित्रातून पटवून द्यायचे की हा नांगर खोल जातो, मोडत नाही, बैल कमी दमतात. लाहोरात शिकलेली रेषा शंकररावांनी या कामाला लावली. कारखान्याच्या जाहिराती आणि विक्री ही त्यांच्याकडची बाजू झाली. आमच्या धंद्यात आजही काही चांगल्या हाताचे मुलगे-मुली जाहिरातीचे काम हलके समजतात आणि खऱ्या कलेची वाट पाहत बसतात. मी त्यांना शंवाकिंचे उदाहरण देते. ज्याच्यापर्यंत अक्षर पोहोचत नाही त्याच्यापर्यंत चित्र पोहोचवणे ही हलकी गोष्ट नाही.

या जाहिरातीच्या कामातून १९२० साली एक पत्रिका निघाली. नाव होते किर्लोस्कर खबर. कारखान्याच्या बातम्या, नवा माल, गिऱ्हाइकांसाठी माहिती असा तिचा मूळ हेतू. अशा गृहपत्रिका त्यापूर्वीही जगात निघत होत्या आणि आजही निघतात. बहुतेकांची गती काय होते हे छापणाऱ्याला विचारा. गठ्ठा न सोडताच रद्दीत जातो. शंकररावांच्या लक्षात आले की नांगराबद्दल वाचायला कोणी महिन्याच्या महिन्याला थांबणार नाही. पण धंदा कसा करावा, हिशेब कसा ठेवावा, अपयशातून कसे उठावे, जगात काय नवे चालले आहे, हे वाचायला माणूस थांबेल. त्यांनी पत्रिकेचे दार उघडले. गोष्टी आल्या, विचारप्रवर्तक लेख आले, चित्रे आली, व्यंगचित्रे आली. त्यांची स्वतःची व्यंगचित्रे पुढे टाकांच्या फेकी या नावाने पुस्तकरूपाने निघाली. कालांतराने नावातली खबर गळाली आणि किर्लोस्कर एवढेच राहिले. पुण्या-मुंबईपासून दूर, एका कारखान्याच्या आवारातल्या छापखान्यातून निघणारे मासिक मराठीतले एक प्रमुख मासिक झाले.

मी मांडणी करणारी, म्हणून माझे लक्ष आधी पानाकडे जाते. त्या काळी अक्षरांचे खिळे एकेक करून हाताने जुळवत. चित्र छापायचे तर त्याचा ठसा करून घ्यावा लागे, आणि ठसा म्हणजे खर्च. आज मी माउसने चित्र इकडून तिकडे सरकवते. तेव्हा एक चित्र चुकीच्या मापाचे निघाले तर पान अडून बसायचे. म्हणून लेख हाती येताच त्याच्या शेजारी कोणते चित्र बसेल, किती जागा घेईल, हे आधी मनात दिसावे लागे. संपादक आणि चित्रकार एकाच माणसात असण्याचा फायदा इथे होता. या स्मरणिकेत आपल्या एका वर्गमित्राने नाथसागरावर हिवाळ्यात टिपलेली रोहित पक्ष्यांची छायाचित्रे आहेत. ती लावताना भोवती मी भरपूर कोरी जागा सोडली. समितीत कोणी विचारले की एवढी जागा वाया का घालवली? वाया नाही. पक्ष्याला पाणी लागते, तशी चित्राला मोकळी जागा लागते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. १९३० साली शंकररावांनी दुसरे मासिक काढले आणि त्याचे नाव ठेवले स्त्री. त्याच वर्षी एप्रिलपासून बालविवाहाला प्रतिबंध करणारा शारदा कायदा लागू झाला होता. मुलीच्या लग्नाचे वय कायद्याने चौदा ठरले, त्यावरून घराघरात वाद होते. बायकांसाठीची मासिके मराठीत आधीही होती. पण या मासिकाने पाककृती, विणकाम यांच्या जोडीला बायकांचे शिक्षण, लग्न, नोकरी, घरातला मान-अपमान हे विषय उघडपणे मांडले आणि लिहायला बायकांनाच पुढे आणले. अनेकींनी पहिल्यांदा लेखणी हाती धरली ती या मासिकासाठी. चार वर्षांनी, १९३४ साली, तरुण वाचकांसाठी मनोहर निघाले. एका माळावरून तीन मासिके.

हा कायदा ब्रिटिश मुलखाचा होता. आपला गंगापूर तालुका तेव्हा निजामाच्या राज्यात. मध्ये गोदावरी. पलीकडे टोका-प्रवरासंगम, नेवाशाचा भाग, इंग्रजी अंमल. अलीकडे कायगाव, आणि शाळेत शिकायचे ते उर्दूतून. माझ्या आजीचे माहेर नेवाशाकडचे. ती चौथीपर्यंत मराठी शिकलेली होती. लग्न होऊन नदीच्या या काठाला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत स्त्रीचे दोन अंक होते. सासरी वाचणारी ती एकटी. ते अंक तिने इतके वाचले की घड्यांवर पाने फाटली, मग तिने ती कणकेची खळ लावून चिकटवली. माझी आई शाळेत गेली ती आजीच्या हट्टाने, आणि मी तुमच्यासोबत दहावीपर्यंत पोहोचले ती आईच्या. एका मासिकाने हे केले असे मी म्हणणार नाही. पण घरात जेव्हा वाद झाला, तेव्हा आजीच्या बाजूने बोलायला छापलेला कागद होता, आणि आमच्याकडे छापलेल्या कागदाला मान आहे.

आठवीत आमच्या बाकावर आम्ही चौघी होतो. दहावीच्या परीक्षेला दोघीच बसलो. ज्या दोघींची लग्ने आधी लागली, त्यातली एक आमच्यापेक्षा सुरेख चित्रे काढायची. एलिमेंटरीच्या परीक्षेत तिला ए ग्रेड होती. इंटरमिजिएटचा फॉर्म सरांनी स्वतः तिच्या घरी नेऊन दिला होता. तो भरला गेला नाही. चित्रकलेचे सर आज आपल्यात नाहीत, पण त्यांना ती गोष्ट शेवटपर्यंत लागून होती. शारदा कायद्याला तेव्हा साठ वर्षे होऊन गेली होती. म्हणून शंवाकिंकडे मी जुना काळ म्हणून पाहू शकत नाही.

त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. बुवाबाजी आणि अंधश्रद्धा यांच्याविरुद्ध त्यांनी मासिकातून सातत्याने लिहिले आणि लिहून घेतले. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांचे विज्ञाननिष्ठ निबंध किर्लोस्करमध्ये येत. गायीविषयीच्या त्यांच्या मतांनी तर परंपरा मानणारे वाचक खवळले. यातली जोखीम लक्षात घ्या. दुसऱ्या संपादकाचे फार तर वर्गणीदार तुटतात. इथे मासिकाच्या नावावर कारखान्याचे नाव होते, आणि कारखान्याचे गिऱ्हाईक म्हणजे गायी-बैलांची पूजा करणारा शेतकरी. रागावलेला वाचक उद्या नांगरही दुसऱ्याचा घेऊ शकत होता. धंद्यात असणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे गणित कळते. आपण दुकानात बसून गिऱ्हाइकाच्या हो ला हो करतो. शंकररावांनी तसे केले नाही, आणि कारखान्यानेही त्यांना थांबवले नाही. लोखंडी नांगराला विष मानणारी समजूत आणि आजारपणात बुवाकडे नेणारी समजूत ही एकाच मुळाची आहे, एवढे त्या घराला नांगर विकतानाच कळलेले असावे. पहिली मोडली नसती तर धंदाच उभा राहिला नसता.

त्यांची प्रत्येक बाजू आज मला पटते असे नाही. कष्ट केले की माणूस वर येतोच, हा त्या लेखनातला सूर दुष्काळी मराठवाड्यात वाचताना अपुरा वाटतो. विहिरीला पाणी नसेल तर नांगर कितीही खोल गेला तरी काय? पण त्यांनी वाचकाला कधी बिचारा मानले नाही. वाचक शिकू शकतो, बदलू शकतो, असे धरूनच ते लिहीत, आणि ते मला मोठे वाटते.

१९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. त्यातून तो पुन्हा उभा राहिला. पुढे मासिकांचा कारभार पुण्याला गेला, आणि संपादनाची धुरा त्यांचे चिरंजीव मुकुंदराव यांनी घेतली. स्त्री मासिकात घडलेल्या विद्या बाळ यांनी तिथले संपादकपद सोडल्यानंतर १९८९ साली मिळून साऱ्याजणी सुरू केले, तेही याच रोपाचे खोड म्हणता येईल. शंकररावांचे आत्मचरित्र शंवाकीय १९७४ साली आले. त्यानंतर लवकरच, १ जानेवारी १९७५ रोजी ते गेले. वय ८३.

आता समितीला आणि तुम्हा सर्वांना एक विनंती. जमलेल्या वर्गणीतून शाळेला काय भेट द्यायची यावर मेळाव्यात चर्चा होणार आहे. कमान आणि पाण्याची टाकी असे दोन प्रस्ताव आलेत, टाकी जरूर व्हावी. कमानीऐवजी मात्र दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणाऱ्या प्रत्येक मुलीचा परीक्षेचा आणि रंगसाहित्याचा खर्च आपण उचलावा, आणि शाळेने वर्षाला एक छापील अंक काढावा, असे मी सुचवते. त्या अंकाची मांडणी आणि छपाई माझ्याकडे लागली, कागदाचे तेवढे तुम्ही पाहा. लिहायचे आणि चित्रे काढायची ती मुलांनी. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी मी आमच्या बाकावरच्या त्या मैत्रिणीला विचारले आहे. तिने अजून होकार दिलेला नाही, पण रंग कोणते लागतील हे मात्र विचारले आहे.