न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी

मुलांनो, वकील, अदालत, जामीन हे शब्द तुम्हांला नवे नाहीत. ते उर्दूत आहेत, तसेच मराठीतही आहेत. जामीन देण्याच्या एका निर्णयामुळे १८९७ साली एका न्यायाधीशाची खूप चर्चा झाली. ते न्यायाधीश म्हणजे बद्रुद्दीन तय्यबजी.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील तय्यब अली हे व्यापारी होते. घराणे मूळचे खंभातचे. घरात पूर्वी गुजराती बोलत. पुढे या कुटुंबाने उर्दू आपलीशी केली. १८६० साली वडिलांनी बद्रुद्दीन यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले. तेथे त्यांचे डोळे बिघडले आणि शिक्षण अर्धे सोडून त्यांना परतावे लागले. पण वर्षभराने ते पुन्हा इंग्लंडला गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊनच मुंबईला आले.

मुंबई उच्च न्यायालयातील ते पहिले भारतीय बॅरिस्टर होते. थोरले बंधू कमरुद्दीन सॉलिसिटर होते हे खरे, पण न्यायालयात उभे राहून भावाच्या नावावर खटला जिंकता येत नाही! बद्रुद्दीन यांनी आपल्या बुद्धीवर नाव मिळवले. पुढे तरुण गांधीजी मुंबईत वकिली करू लागले, तेव्हा तय्यबजींच्या युक्तिवादाची कीर्ती त्यांच्या कानांवर आली आणि आपला येथे कसा निभाव लागणार, अशी चिंता त्यांना वाटू लागली.

वकिली करता करता बद्रुद्दीन शहराच्या कामातही पडले. १८७३ साली ते मुंबई महानगरपालिकेत निवडून गेले. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे त्यांचे सहकारी. एक पारशी, एक हिंदू आणि एक मुसलमान अशा या तिघांनी १८८५ साली बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन ही संस्था काढली. मुसलमान मुलांनी नवे शिक्षण घ्यावे, म्हणून बद्रुद्दीन आणि कमरुद्दीन यांनी १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम स्थापन करण्यात पुढाकार घेतला. मुलींनीही शिकावे, असे बद्रुद्दीन यांचे मत होते. आपल्या मुलींना त्यांनी शिकवले.

१८८७ साली मद्रास येथे भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. सर सय्यद अहमद खान यांना मुसलमानांनी काँग्रेसमध्ये जाणे मान्य नव्हते. बद्रुद्दीन यांना सर सय्यद यांच्याविषयी आदर होता, तरी या बाबतीत त्यांनी आपले मत सोडले नाही. मात्र हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा जवळजवळ एकमताने विरोध असेल, तो विषय काँग्रेसने घेऊ नये, असे त्यांनी सुचवले. पुढच्याच वर्षी काँग्रेसने तसा नियम केला.

१८९५ साली ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. दोन वर्षांनी, १८९७ मध्ये, पुण्यात प्लेगची साथ आली आणि रँडचा खून झाला. इंग्रज सरकार चिडले होते. केसरीतील लिखाणाबद्दल लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. त्यांना जामीन मिळेना. याआधी उच्च न्यायालयानेही तो नाकारला होता. टिळकांचे वकील दावर यांनी पुन्हा अर्ज केला. या वेळी तो न्यायमूर्ती तय्यबजींपुढे आला.

आता विचार करा. टिळक जहाल आणि तय्यबजी मवाळ. शिवाय तय्यबजींना नेमणारे सरकारच टिळकांच्या विरुद्ध उभे होते. अर्ज फेटाळला असता, तर कोणाला आश्चर्य वाटले नसते. पण तय्यबजींनी एवढेच पाहिले, की आरोप अजून सिद्ध झालेला नाही. माणूस कोठडीत असेल, तर तो आपल्या बचावाची तयारी कशी करणार? आणि तो निर्दोष ठरला, तर मधल्या कैदेची भरपाई कोण करणार? त्यांनी जामीन मंजूर केला.

खटला दुसऱ्या न्यायाधीशापुढे चालला आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ साली टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा न्यायाधीशाच्या आसनावर तेच दावर होते. त्यांनी मात्र जामीन नाकारला.

ते पाहायला तय्यबजी हयात नव्हते. १९०२ साली त्यांनी उच्च न्यायालयाचे हंगामी मुख्य न्यायाधीश म्हणून काम केले होते. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.