गोपाळ देऊसकर : व्यक्तिचित्र आणि सार्वजनिक स्मृती

आपल्या घराच्या किंवा कचेरीच्या भिंतीकडे एकदा नीट पाहा. वरळीच्या बीडीडी चाळीतील 160 चौरस फुटांच्या खोलीत माणसांना जागा अपुरी पडे. पण बाबासाहेबांच्या वा टिळकांच्या तसबिरीसाठी भिंतीवर जागा राखलेली असे. ‘तसबीर’, ‘छबी’, ‘प्रतिमा’ आणि ‘व्यक्तिचित्र’ हे शब्द आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो, परंतु त्यांच्या अर्थच्छटा वेगळ्या आहेत. तसबिरीला आपण हार घालतो. व्यक्तिचित्रासमोर थांबून त्या माणसाचा विचार करतो. या दोन्ही अपेक्षांचे ओझे ज्यांना पेलावे लागले, अशा चित्रकारांपैकी एक म्हणजे गोपाळ दामोदर देऊसकर.

देऊसकरांचा जन्म 11 सप्टेंबर 1911 रोजी अहमदनगर येथे झाला. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्यामुळे त्यांचा सांभाळ चुलते रामकृष्ण देऊसकर यांनी केला. हे चुलते स्वतः हैदराबादेतील नामवंत चित्रकार होते. त्यामुळे रंग आणि कुंचला यांची ओळख गोपाळरावांना घरातच झाली. पुढील शिक्षण त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घेतले. त्या काळी संस्थेची सूत्रे ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या हाती होती. जिवंत मानवाकृती समोर ठेवून करावयाचा अभ्यास आणि भित्तिचित्रण यांवर त्यांचा विशेष भर होता. या शिस्तीत तयार झालेले देऊसकर निझाम सरकारच्या शिष्यवृत्तीवर लंडनच्या रॉयल अकॅडमीत गेले. शरीररचना, प्रकाशाची दिशा, वस्त्राचा पोत आणि त्वचेचा वर्ण यांवरील त्यांचे प्रभुत्व या दीर्घ साधनेतून आले, हे आपण लक्षात घ्यावे.

आता आपण त्यांच्या एका महत्त्वाच्या कामाकडे वळू. 1956 हे लोकमान्य टिळकांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. त्या वर्षी 28 जुलै रोजी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात देऊसकरांनी रंगविलेल्या टिळकांच्या व्यक्तिचित्राचे अनावरण पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. येथे एक अडचण ध्यानात घ्या. टिळकांचे निधन 1 ऑगस्ट 1920 रोजी झाले, तेव्हा चित्रकाराचे वय नऊ वर्षेही पूर्ण नव्हते. ज्याला समोर बसवून न्याहाळता येत नाही, अशा माणसाचे चित्र करावयाचे म्हणजे चित्रकाराला जुन्या छायाचित्रांचाच आधार उरतो. छायाचित्र एका क्षणाचा उजेड टिपते. त्यावरून सबंध आयुष्याचा भार वाहणारा चेहरा उभा करणे हे निराळे काम आहे. शिवाय पगडी, उपरणे आणि भरघोस मिशा यांनी बनलेले टिळकांचे रूप महाराष्ट्रातील घराघरांत आधीच ठरून गेलेले होते. ते मोडले तर लोक दुखावणार, आणि तसेच्या तसे गिरवले तर चित्र निर्जीव होणार. अधिकृत व्यक्तिचित्राचा खरा पेच हाच आहे.

हा पेच केवळ आपल्याकडचा नव्हता. ब्रिटिश संसदेने विन्स्टन चर्चिल यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त 1954 मध्ये ग्रॅहम सदरलंड यांच्याकडून त्यांचे व्यक्तिचित्र करवून घेतले. चर्चिल यांना ते मुळीच रुचले नाही आणि पुढे कुटुंबाकडूनच ते नष्ट करण्यात आले. चेहरा कोणाचा, चित्रित व्यक्तीचा, चित्रकाराचा की राष्ट्राचा, हा प्रश्न त्या घटनेने उघडा केला.

देऊसकरांच्या काळात आणखी एक ताण होता. 1947 मध्ये मुंबईत सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. हुबेहूबपणा हे चित्राचे प्रमाण मानण्यास नव्या पिढीने नकार दिला, आणि मागणीनुसार केलेल्या व्यक्तिचित्राची गणना कारागिरीत होऊ लागली. देऊसकरांनी मात्र आपली वास्तववादी वाट सोडली नाही. तथापि, हे दोन प्रवाह परस्परांपासून सर्वस्वी तुटलेले होते असे समजू नये. 1956 मध्येच त्याच मध्यवर्ती सभागृहात लाला लजपतराय यांचे जे व्यक्तिचित्र लागले, ते आधुनिक चित्रकार सतीश गुजराल यांचे होते.

पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिर 1968 मध्ये सुरू झाले. तेथील बालगंधर्वांची दोन भव्य चित्रे देऊसकरांची आहेत. एकात नारायणराव राजहंस पुरुषवेषात आहेत, दुसऱ्यात स्त्रीभूमिकेत. दोन्ही चित्रे एकत्र पाहिली की ध्यानात येते, ते असे : माणूस एकच असला तरी त्याचे रूप एकच नसते, आणि व्यक्तिचित्रकाराला त्यांतून निवड करावीच लागते. नेत्याच्या अधिकृत चित्रातही अशी निवड असते. फक्त ती आपल्याला सहसा दिसत नाही.

8 फेब्रुवारी 1994 रोजी देऊसकरांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांतील चेहरे अनेकांना ठाऊक आहेत. चित्रकाराचे नाव त्या मानाने थोड्यांना. सार्वजनिक स्मृती घडविणाऱ्या कलावंताच्या वाट्याला बहुधा हेच येते. म्हणून यापुढे एखाद्या सभागृहात नेत्याचे तैलचित्र दिसले, तर चौकटीच्या कोपऱ्यातील सही आवर्जून वाचा.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील शाळा, ग्रंथालय किंवा कचेरीतील एका नेत्याचे व्यक्तिचित्र निवडा. त्यात वेष, बैठक, नजर आणि पार्श्वभूमी यांची निवड कशी केली आहे, आणि त्या व्यक्तीच्या आयुष्यातील काय चित्राबाहेर राहिले आहे, याविषयी 200 शब्दांत लिहा.